वाचकांचे प्रश्न : ‘चिठ्ठी लिहिली’ स्पॅनिशमध्ये कशी लिहायची?

प्रश्न : ‘मी चिठ्ठी लिहिली आहे’ याचं मी ‘ए एस्क्रिता ला कार्ता’ केलं, कारण कार्ता स्त्रीलिंगी. वहीत ते खोडून ‘एस्क्रितो’ करून मिळालं. मग ‘ला पुएर्ता एस्ता सेर्रादा’, म्हणजे दार बंद आहे, हे कसं चालतं?

उत्तर : ही चूक थेट मराठीतून आली आहे. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली म्हणतो. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे बदलतो. गेलो-गेले यात तर बोलणारी बाई की पुरुष, तेही कळतं. स्पॅनिशच्या काळाच्या रूपांत लिंग येतच नाही. ‘कोमी’ म्हणजे मी खाल्ला, खाल्ली, खाल्लं, काहीही. रूप ठरतं ते फक्त कर्त्याच्या पुरुष-वचनावरून : मी कोमी, तू कोमिस्ते, तो किंवा ती कोमिओ, आम्ही कोमिमोस, ते कोमिएरोन.

‘ए एस्क्रितो’मधलं ‘ए’ हे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचं रूप. त्याला जोडून आलेलं कृदंत, म्हणजे ‘एस्क्रितो’सारखं क्रियापदापासून बनलेलं रूप, नेहमी ‘ओ’कारान्तच राहतं. तेच कृदंत ‘एस्तार’ किंवा ‘सेर’ (दोन्हींचा अर्थ असणे) यांच्यानंतर आलं की विशेषणासारखं वागतं आणि नामाप्रमाणे बदलतं : ला पुएर्ता एस्ता सेर्रादा, पण लोस बांकोस एस्तान सेर्रादोस, म्हणजे बँका बंद आहेत. तेव्हा लिहिताना कृदंताच्या आधी कोणतं क्रियापद आहे ते आधी बघा.

विशेषणं आपल्याला सोपी जावीत. आपल्याकडे पांढरा-पांढरी बदलतं, लाल बदलत नाही. तिकडे ‘रोखो’ची (लाल) रोखो, रोखा, रोखोस, रोखास अशी चार रूपं, ‘वेर्दे’ (हिरवा) आणि ‘आसुल’ (निळा) फक्त अनेकवचनात बदलतात, वेर्देस, आसुलेस. घात होतो तो मराठी लिंग मनात धरल्याने. आपला हात पुल्लिंगी, त्यांची ‘मानो’ स्त्रीलिंगी, म्हणून थंड हात म्हणजे ‘मानोस फ्रिआस’. ‘मापा’ (नकाशा) आणि ‘प्रोब्लेमा’ (अडचण) आकारान्त असूनही पुल्लिंगी. म्हणून नाम नेहमी एल (पुल्लिंगी) किंवा ला (स्त्रीलिंगी) हे उपपद लावूनच पाठ करा. एक अपवाद मात्र फसवा आहे : ‘आग्वा’ (पाणी) स्त्रीलिंगी, पण आघात असलेल्या ‘आ’ने सुरू होतो म्हणून एकवचनात ‘एल’ घेतो, विशेषण तरी स्त्रीलिंगीच, एल आग्वा फ्रिआ.

प्रश्न : ‘विवी’ आणि ‘विविआ’, दोन्ही ‘राहत होतो’च ना?

उत्तर : इथे मराठीचं ‘-यचो’ हाताशी आहे. ‘राहायचो’ म्हणता येत असेल, किंवा ‘पाऊस पडत होता, तेवढ्यात फोन वाजला’ यातल्या पावसासारखी पार्श्वभूमी असेल, तर इंपेर्फेक्तो, म्हणजे सवयीचा किंवा चालू असलेल्या गोष्टीचा भूतकाळ : विविआ, योविआ (पाऊस पडत होता). फोन वाजला ते ‘सोनो’, घडून संपलेल्या गोष्टीचा भूतकाळ; ‘विवी’ही त्याच काळातलं. इंपेर्फेक्तोत अनियमित क्रियापदं तीनच, सेर (असणे), इर (जाणे) आणि वेर (पाहणे) : एरा, इबा, वेइआ.

सापळा मुदतीचा आहे. ‘मी पाच वर्षं तिथे राहत होतो’ हे मराठीत बरोबर. पण मुदत मोजून संपलेली आहे, म्हणून स्पॅनिशमध्ये ‘विवी आयी सिंको आन्योस’. ‘सिंको आन्योस’ असं मोजमाप दिसलं की ‘विविआ’ लिहिण्याआधी थांबा.

काही क्रियापदांत तर मराठीला दोन वेगळे शब्द लागतात : ‘साबिआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं.