वाचकांचे प्रश्न : चहा स्वस्त झाला, तरी बोस्टनवाले भडकले काऊन?

प्रश्न : माह्या पोराच्या पुस्तकात हाये का इंग्रजांनं चहावर कर लावला म्हणून अमेरिकेतल्या लोकायनं चहा समुद्रात फेकला. पण पोरगा मोबाईलवर वाचून म्हणते, त्या कायद्यानं चहा उलट स्वस्त झाला होता. मंग फेकला काऊन? (एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : भाऊ, पोरानं बरोबर जागी बोट ठेवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १७६७ मध्ये लंडनच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत येणाऱ्या काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात बसवली, तिथल्या लोकांनी इंग्लंडचा माल घेणंच सोडलं, बायका सूत कातायला बसल्या (वर्धेकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको), तेव्हा १७७० मध्ये बाकी जकात काढली पण चहावरची पौंडभर वजनामागं ३ पेन्स तेवढी मुद्दाम ठेवली, का तर कर लावायचा हक्क आमचाच आहे हे दिसत राहिलं पाहिजे.

मग आलं १७७३. ईस्ट इंडिया कंपनी बुडायला टेकली होती, हो, तीच कंपनी जिला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे सारा गोळा करायचा हक्क, मिळाली आणि १७७० च्या दुष्काळात माणसं उपाशी मरत असताना जिनं सारावसुली थांबवली नाही. तिचा चिनी चहा लंडनच्या गोदामांत पडून होता. सरकारनं कायदा केला की कंपनीनं हा चहा थेट अमेरिकेत न्यावा, इंग्लंडातली जकात परत मिळेल (म्हणून चहा स्वस्त झाला), आणि तिथं तो विकणार कोण तर कंपनीनं नेमलेलीच ठरावीक माणसं. बोस्टन या अमेरिकेतल्या बंदरात त्यांत तिथल्याच गव्हर्नर हचिन्सनची पोरं होती! आता कापसाच्या सीझनला एखादा मोठा व्यापारी सुरुवातीला सगळ्यांपेक्षा चढा भाव देतो, खेडा खरेदीवाले लहान लोक उठून जातात आणि नंतर भाव तोच ठरवतो, तसंच होणार हे तिथल्या दुकानदारांना दिसत होतं. आणि दुसरं म्हणजे तो स्वस्त चहा घेतला की ३ पेन्स भरले, ३ पेन्स भरले की न विचारता लावलेला कर कबूल केला. माझ्या मते खरी चीड ह्याचीच होती, किमतीची नव्हती.

डार्टमाउथ, एलेनॉर आणि बीव्हर ही तीन जहाजं बोस्टनच्या धक्क्याला लागली. लोक म्हणत होते माल न उतरवता परत जा, हचिन्सन जहाजाला परतीचा परवाना देईना. कायदा असा की २० दिवसांत जकात भरली नाही तर कस्टमवाले माल जप्त करणार, आणि डार्टमाउथची मुदत १७ डिसेंबरला भरत होती. म्हणून १६ तारखेच्या रात्री लोक मोहॉक आदिवासींसारखा वेष करून जहाजांवर चढले आणि ३४२ पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या. त्यावर चिडून लंडननं १७७४ मध्ये बोस्टनचं बंदरच बंद केलं, आणि १९ एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळ लेक्सिंग्टनला गोळी चालली, स्वातंत्र्याचं युद्ध सुरू झालं.

प्रश्न : पण सर, कर खरंच एवढा जड होता का? (एक शिक्षिका, जि. वाशीम)

उत्तर : नाही ताई. इंग्लंडातली माणसं त्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होती. १७६३ ला फ्रान्सशी युद्ध संपलं तेव्हा सरकारचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं, ते म्हणे वसाहतींनीही थोडं उचलावं. १७६५ चा स्टॅम्प कायदा म्हणजे आपण तहसीलीत शपथपत्राला स्टॅम्प पेपर घ्यायचो तेच, पण दस्तांपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्याला, पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, कॉलेजच्या पदवीला २ पौंड. पैसे इंग्लंडच्या चलनातच भरायचे, जे तिथं हातात नसायचं, आणि खटला ज्युरी (निकाल देणारे साधे नागरिक) नसलेल्या कोर्टात. वर पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही माणूस नाही. त्यांचं म्हणणं मला रास्तच वाटतं. पण हेही सांगितलं पाहिजे की ह्यातले कितीतरी जण स्वतः गुलाम बाळगून होते, आणि १७६३ मध्ये राजानं अपलाचियन डोंगरापलीकडं वस्ती करायला बंदी घातली त्याचाही त्यांना राग होता, तर ती जमीन आदिवासींची होती. हे वर्गात पोरांना जरूर सांगा.

प्रश्न : आपल्या इकडं असं काही झालं का? (कॉलेजचा विद्यार्थी, पुसद)

उत्तर : अरे, तुझ्याच गावात! १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, पण वऱ्हाडाला समुद्र कुठं? अकोल्याकडं दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथं लोकांनी मीठ केलं. बाकीच्यांना रोज नडणारा कायदा जंगलाचा होता. ज्या रानात आजा-पणजा ढोरं चारत होते ते सरकारनं राखीव केलं, गवताची पेंढी आणायची तरी परवाना पाहिजे. म्हणून १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे पुसदला विळा घेऊन राखीव जंगलात गेले, गवत कापलं आणि अटक करून घेतली. मग मध्य प्रांतात अन् वऱ्हाडात गावोगावचे लोक विळे घेऊन निघाले, त्यांत आदिवासी पुष्कळ होते. बोस्टनवाल्यांनी रात्री वेष बदलला होता, इथं सगळं दिवसाढवळ्या आणि आधी जाहीर करून. घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी असेल तर त्यांच्या वडिलांकडून काय ऐकलं ते विचार आणि लिहून ठेव.

प्रश्न : अमेरिकेत हरलेला कॉर्नवॉलिस आणि आपला गव्हर्नर जनरल एकच का? (स्पर्धा परीक्षेची उमेदवार, जि. चंद्रपूर)

उत्तर : हो, एकच. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला शरण गेला, १७८६ मध्ये इकडं आला, १७९३ मध्ये बंगालात कायमधारा लावला, म्हणजे जमीनदारांनी द्यायचा सारा कायमचा ठरवून टाकला. पेपरात गडबड करू नको, आपल्याकडं कायमधारा नव्हता, वऱ्हाडात रयतवारी (शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा) आणि नागपूर, वर्धा, चांद्याकडं (आताचं चंद्रपूर) मालगुजारी (गावचा मालगुजार सारा गोळा करून भरायचा).