तंबोऱ्याची घोडी हस्तिदंताची निघाली तर?

प्रश्न : आजोबांच्या तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, पिवळसर पांढरी आहे, हस्तिदंती असं घरात सगळे म्हणतात. जवारी (तारांचा घुमारा) पार गेल्यामुळे ती बदलायची आहे. जुनी घोडी विकावी, की कोल्हापूरच्या आत्येबहिणीला द्यावी?
– एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : आधी ती हस्तिदंताचीच आहे का ते बघा. जुन्या तंबोऱ्यांवर सांबरशिंगाच्या आणि हाडाच्या घोड्याही असतात. घोडीची आडवी कापलेली कड स्वच्छ पुसून, उजेडात तिरपी धरून भिंगातून पाहा. हस्तिदंतात दोन्हीकडून वळत आलेल्या बारीक रेषा एकमेकींना छेदून जाळी करतात. दाताच्या बाहेरच्या भागात त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा भरतो. उभ्या बाजूवर मात्र नुसत्या नागमोडी रेषा दिसतात. हाडात बारीक काळे ठिपके किंवा चिरा असतात, शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. प्लॅस्टिकमधल्या रेषा फारच एकसारख्या असतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हस्तिदंत निळसर पांढरं चमकतं. पण हाडही तसंच चमकतं, म्हणून या खुणेने फक्त बरंचसं प्लॅस्टिक वगळता येतं. तापलेली सुई टोचून बघू नका. हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो, आणि वस्तू जुन्या सेल्युलॉइडची असली तर ती भडकन पेटते.

हस्तिदंत निघालं, तर विकणं सोडाच, विकायची आहे असं सांगत फिरणंही गुन्हा आहे. वस्तू शंभर वर्षांची असली तरी सूट नाही. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये बंदी आली आणि १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या हस्तिदंतावरही, कारण आफ्रिकेचा माल म्हणून इथलाच खपवला जाई. आता शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड अशी आहे.

आजोबांनी वन्यजीव कायद्याखालचं मालकीचं प्रमाणपत्र घेतलं होतं का, ते कागदपत्रांत शोधा. वारसाने आलेली वस्तू ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावी लागते. कागद नसेल तर वस्तू बाजूला ठेवून वकिलाला विचारा आणि बेळगावच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर वस्तू स्वेच्छेने सरकारजमाही करता येते; मोबदला मिळत नाही. आत्येबहिणीला भेट देऊ नका, कारण प्रमाणपत्र नसणाऱ्याला ती वारसाहक्कानेच घेता येते. प्रमाणपत्र असलेली वस्तू तुम्ही स्वतः महाराष्ट्रात नेलीत तरी ३० दिवसांत कळवावं लागतं.

नवी घोडी उंटाच्या हाडाची किंवा शिसवी बसवा. जवारी घोडीच्या उतारावर आणि ती घासणाऱ्याच्या हातावर ठरते. हस्तिदंत नसलं म्हणून तंबोरा मुका होत नाही.

प्रश्न : हत्तीला न मारता दात कापून घेता येत नाहीत का? – एक वाचक, नंदगड

उत्तर : नाही. दाताचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो आणि आत नसा-रक्तवाहिन्यांची मज्जा असते. पाळीव हत्तीच्या दाताचं टोक छाटता येतं, पण शिकाऱ्याला मुळापासून दात हवा असतो, म्हणून तो हत्तीच मारतो. त्यातही आशियाई हत्तींमध्ये मोठे दात नरालाच येतात. केरळातल्या पेरियारमध्ये १९८० च्या दशकाअखेर एका प्रौढ नरामागे शंभराहून जास्त माद्या उरल्या होत्या. अशा कळपात पिल्लं होणार कुठून? दांडेली-खानापूरच्या रानातून २००२ मध्ये हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून त्यांची वाट आपल्या सगळ्यांच्या शेतांतून जाते. या भागातला एकेक सुळेवाला नर मोलाचा आहे.

प्रश्न : शेताच्या बांधावर मेलेला हत्ती किंवा सुटा दात दिसला तर? – एक वाचक, कणकुंबी

उत्तर : हात लावू नका. दात सरकारच्या मालकीचा असतो. तो तुमच्या हाती आलाच, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६. हत्तीजवळ तार पडलेली असेल तर आधी वीज कंपनीला (हेस्कॉमला) सांगून वीज बंद करवा, मगच कुणी पुढे जावं. उसाच्या कुंपणात २३० व्होल्टची थेट लाईन सोडू नका. सौर कुंपणाचं यंत्र सेकंदाला साधारण एकच क्षणिक झटका देतं, त्यामुळे हत्ती दचकून मागे फिरतो. थेट लाईनचा प्रवाह मात्र थांबत नाही, आणि त्या तारेला रात्री पाणी पाजायला गेलेला माणूसही चिकटतो.