‘आमचो न्हय तो’

प्रिय बाय,

वाड्यातल्या, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीतल्या, मुलांचं काम तू हाती घेतलंस. इथे भाडेकरू वाढले, कन्नड-हिंदी ऐकू यायला लागली आणि त्यामुळेच पोरं बिघडली, असं तुला सांगितलं जातं. हे कारण धरून बसू नकोस. घरं निरनिराळी असली म्हणून मुलांची तब्येत ढासळत नाही. मोठ्यांची आपसातली ओळख तुटली की ढासळते. शिकागोतल्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास १९९७ साली आला. जिथे शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास होता आणि दुसऱ्याच्या मुलालाही हटकायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबी जमेस धरूनही हेच दिसलं.

म्हणून आधी घरोघर एकच प्रश्न विचार: शाळा चुकवून तिठ्यावर बसलेला मुलगा दिसला, तर तुम्ही बोलाल का? ‘आमचो न्हय तो’ (आमचा नाही तो) हे उत्तर कुठे मिळतं, ते वहीत टिप. भाड्याच्या खोल्यांत रात्री आठच्या सुमारास जा, तेव्हाच आईबाप घरी असतात.

मग खेळ. या वयाला रोज तासभर अंग घामेजायला हवं, जागतिक आरोग्य संघटनाही तेवढंच सांगते. भात कापलं की शेतात फुटबॉल रंगतो, पण जूनमध्ये शेतात पाणी भरलं की सगळे मोबाइलवर. त्यामुळे शाळेचा हॉल मे महिन्यातच मागून ठेव. देवळाचा मंडप किंवा चर्चचा हॉल लवकर मिळेल, पण काही मुलं तिथे पायच ठेवणार नाहीत. संघ चिठ्ठ्या टाकून पाड. ‘गावचे विरुद्ध खोल्यांतले’ असा सामना एकदा जरी लावलास, तरी महिन्याची मेहनत वाया जाईल. चेंडू आणि किल्ली दर आठवड्याला वेगळ्या घरी जाऊ दे, नाहीतर एकच टोळी मालक होऊन बसते. मुली सर्वांत आधी गळतात, आणि बहुतेक वेळा अंधारामुळे. वेळ पाच ते सहा ठेव, कडेला ओळखीची एक काकी बसव.

घट्ट शेजाराचा जाचही असतो. आरोग्य केंद्रात मावशी कामाला असली की मुलगी पाळीचं किंवा मनातलं बोलायला तिथे जाणारच नाही. मन खचलं असेल तर तिला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलावर अत्याचाराचा संशय आला तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. मुलीने तुला सांगितलेलं तिच्या घरी पोचवू नकोस. जिवाला धोका किंवा अत्याचाराचा संशय वाटला तरच दुसऱ्या कुणाला सांग, आणि कुणाला काय सांगणार आहेस ते आधी तिलाच सांग.

सस्नेह