शिक्षण जास्त असलं की बेकारीचा काळ घटतो की वाढतो?

तुम्ही विचारलंय की शाळा अर्धवट सोडलेल्या भावाचं काम सुटलं आणि तीन आठवड्यांत दुसरं लागलं, तुम्ही मात्र पदव्युत्तर पदवी घेऊन सात महिने घरी आहात. मग शिकून उलटंच झालं का?

भावाचे तीन आठवडे मोजलेत, पण गेल्या पाच वर्षांत त्याचं काम किती वेळा सुटलं तेही मोजा. काम सुटणं वेगळं आणि सुटल्यावर दुसरं लागेपर्यंतचा काळ वेगळा. जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये अमेरिकेची आकडेवारी घेऊन या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडला. शिकलेल्यांत बेकारी कमी दिसते ती मुख्यतः त्यांचं काम मुळात कमी वेळा सुटतं म्हणून. बेकारीचा काळ आखूड होण्याचा वाटा त्यापुढे बराच लहान निघाला.

लहान, पण उलटा नाही. रिडेल आणि साँग यांच्या २०११ च्या अभ्यासात, तोही अमेरिकेतलाच, शिक्षणाने पुन्हा काम लागण्याची शक्यता वाढलेली दिसते. शालेय शिक्षण पूर्ण होतं त्या बाराव्या वर्षाला आणि पदवी हातात येते त्या सोळाव्या वर्षाला विशेष.

मग तुमचे सात महिने कुठे गेले? मी स्वतः अकरा महिने घरी बसलोय, तेव्हा एका वहीत प्रत्येक अर्ज लिहायचो. पहिल्या पानावर पगाराचा एक आकडा होता, 'याच्या खाली जायचं नाही' असा. तो जुन्या पगारावरून काढलेला. बाजारात त्या दिवसांत काय मिळतंय, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत दोन ठिकाणांहून होकार आला, दोन्ही मी नाकारले. शिल्लक असली की माणूस थांबू शकतो, आणि शिकलेल्याकडे ती बहुधा थोडी जास्त असते. म्हणजे तुमच्या सात महिन्यांतले काही तुम्हीच विकत घेतलेले असू शकतात. त्यात चूक नाही. चांगलं काम शोधायला वेळ लागतोच. शिवाय विषय जितका खोल तितक्या जागा कमी. वहीची पुढची पाने बघितली तर मुलाखतीच्या तीन-तीन फेऱ्या आणि मधे महिनाभर शांतता. भावाला बहुधा 'उद्यापासून ये' म्हटलं असेल.

पण थांबण्याचीही किंमत असते. क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्दो यांनी अमेरिकेतल्या जाहिरातींना हजारो बनावट अर्ज पाठवले, अर्जदार किती महिने बेकार आहे ते बदलत (अभ्यास २०१३ चा). रिकामा काळ वाढेल तशी मुलाखतीची बोलावणी घटत गेली, आणि बरीचशी घट पहिल्या आठ महिन्यांतच. रिकामे महिने पाहून मालक मनात म्हणतो, इतरांनी का नाही घेतला याला? पदवी ही शंका पूर्ण पुसत नाही.

तुमचा सातवा चालू आहे, म्हणून तुमच्या जागी मी असतो तर पगाराचा तो आकडा आजच खोडून नव्याने लिहिला असता, या महिन्यात आलेल्या जाहिराती समोर ठेवून. मी नवव्या महिन्यात खोडला. दहाव्यात सहा महिन्यांच्या कंत्राटावर, आधीपेक्षा खालच्या पदाचं काम चालून आलं आणि अकराव्याच्या शेवटी मी रुजू झालो. त्या वहीत नंतर काही लिहावं लागलं नाही. कंत्राट दोनदा वाढलं, मग कायम केलं.