पोथी मनात वाचू नका भाऊ, आईला वाचून दाखवा

या वेळी पत्रं बरीच आलीत, पण मेलबर्नच्या एका भाऊंचं पत्र आलंय तेच घेऊन बसते, दोन दिवस झाले ते डोक्यातून जात नाहीये. मूळचे शिरपूरकडचे, वय ४६, तिकडे जाऊन १८ वर्षं झाली. मागच्या वर्षी वडील गेले, आणि सगळं आटोपून परत निघताना त्यांनी वडिलांची ज्ञानेश्वरी सोबत आणली. पुढचं त्यांच्याच शब्दात:

"ताई, आठ महिने झाले, रोज रात्री साडेदहाला सगळे झोपले की मी गराजमध्ये बसून वाचतो. एकदा पूर्ण झाली, आता दुसऱ्यांदा तेराव्या अध्यायावर आहे. नाही कळलं तर नेटवर अर्थ बघतो, वहीत नोट्स काढतो. पण अण्णांच्या चेहऱ्यावर पोथी वाचताना जे दिसायचं ते माझ्यात येत नाही. नुसतं वाचून श्रद्धा येते का? की माझ्यातच काहीतरी कमी आहे?"

भाऊ, आधी एक सांगते, तुमच्यात काही कमी नाहीये. बाप गेल्यावर त्याची पोथी छातीशी धरून एवढ्या लांब आणणारा माणूस कोरडा नसतो. दिवसभर ऑफिस करून, थंडीत, गराजमध्ये बसून आठ महिने वाचायचं म्हणजे काय ते इथल्या प्रत्येकाला कळतं. पण रागावणारही आहे. गराजमध्ये, एकटं, मनातल्या मनात आणि हातात पेन? अहो, तुम्ही ज्ञानेश्वरी परीक्षेच्या गाईडसारखी वाचताय, आणि मग विचारताय की अण्णांसारखं का होत नाही. अण्णा असे वाचायचे का, आठवून बघा बरं. तुमच्याच पत्रात खाली एक वाक्य आहे, "अण्णांचा आवाज शेजारच्या ओट्यापर्यंत जायचा." उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि पुढे निघून गेलात!

आपल्याकडे लहानपणी नवविधा भक्ती पाठ करून घ्यायचे, श्रवण, कीर्तन, स्मरण... पुढचं तुम्हालाही येत असेल. नऊच्या नऊ मोजा, त्यात वाचन नाही. पहिलं श्रवण आहे. आणि ज्ञानेश्वरी तरी काय आहे, १२९० साली नेवाशाला माउली समोर बसलेल्या माणसांना गीता सांगतायत आणि सच्चिदानंद बाबा उतरवून घेतायत. नववा अध्याय तर सुरूच होतो तो श्रोत्यांना हाक मारून, की बाबांनो नीट लक्ष द्या म्हणजे सगळ्या सुखाला पात्र व्हाल. ही हाक ऐकणाऱ्याला आहे. आणि हे फक्त सातशे वर्षांपूर्वीचंच आहे असंही नाही, आपल्या धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली विनोबांनी दर रविवारी एक असे अठरा रविवार गीतेचे अठरा अध्याय कैद्यांना तोंडी सांगितले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. कोठडीत ग्रंथ वाचायला मिळाला असताच की एकेकाला. पण एकाने सांगितलं आणि बाकीचे एकत्र बसून ऐकत होते, त्याची गोष्ट वेगळी असते.

माझी आजी चोपड्याजवळच्या खेड्यातली, रेशन कार्डावर अंगठा. देवळात सप्ता बसला की पहिल्या दिवसापासून खांबाला टेकून बसायची, मांडीवर कुणाचंतरी पोर. मी नऊ-दहा वर्षांची असेन, वाचक जोरात वाचत होते, आणि आजीने एकदम हात वर केला, "एक ओवी ऱ्हायनी ना भाऊ." सगळे थांबले. वाचकांनी पान चाचपलं तर तुपाच्या डागाने दोन पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी नखाने हळूच सोडवली आणि राहिलेलं वाचलं, आजीने मान हलवली, पुढे सुरू. जिला अ काढता येत नव्हता तिला पान सुटलेलं कळलं. बहिणाबाई तरी कुठे शाळेत गेल्या होत्या, असोद्याच्या लेकीला अक्षरओळख नव्हती आणि देवाबद्दल त्या जे बोलून गेल्या ते आपल्याला एवढी पुस्तकं वाचून सुचत नाही.

आता माझं सांगते. २०११ मध्ये माझी आई गेली, मला वेळेवर पोचता आलं नाही. तुमच्यासारखंच केलं मी, न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये रात्री दार लावून ज्ञानेश्वरी वाचली, दोन वर्षांत तीन वेळा, चार रंगांचे हायलायटर, दोन वह्या भरल्या. डोकं भरलं पण आत सगळं गप्पच. मग अमळनेरला माझ्या नाना काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, त्यांचा रोजचा पाठ बुडाला. मला फोनवर म्हणाले, बेटी तू वाच, मी ऐकतो. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांचे सकाळचे सात. पहिल्या दिवशी मी ऑफिसचा रिपोर्ट वाचावा तशी धडाधड वाचत सुटले, तर तिकडून आवाज, "पयू नको व बेटी, धीरे वाच." मग त्यांनी दाखवलं की ओवी साडेतीन चरणांची असते, तीन चरणांना यमक जुळतं आणि चौथा आखूड असतो, तो आखूड का, तर तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, ऐकणाऱ्याला हुंकार द्यायला जागा ठेवायची. मी थांबले की तिकडून नानांचा "हं" यायचा. त्या "हं" साठी मी वाचायला लागले. बाराव्या का तेराव्या दिवशी वाचता वाचता माझा आवाज फुटला, आईसाठी दोन वर्षं न आलेलं रडू तेव्हा आलं, नाना काही बोलले नाहीत, फोन धरून बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, पुढची ओवी घे. माझी श्रद्धा म्हणाल तर ती तिथून आहे. आधीची तीन वाचनं वाया गेली असं मी म्हणत नाही, शब्द ओळखीचे झाले होते म्हणून तर कानाला लागले. पण नुसत्या वाचनाने मी उंबऱ्यापर्यंत आले होते, घरात नानांनी घेतलं.

आणि योगी चांगदेव तर आपल्याच खानदेशातले, तापी-पूर्णेच्या संगमावर आपण सगळे लहानपणी गेलेलो आहोत. केवढे ज्ञानी, पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय घालावा, चिरंजीव का तीर्थरूप, इथेच अडले आणि कोरा कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून कोराच राहिला. उत्तरात पासष्ट ओव्या आल्या, त्या वाचूनही उलगडा होईना असं सांगतात, मग उठून भेटायला निघाले, आणि शेवटी गुरू केलं ते त्या लहानशा मुक्ताईला. तिच्या मुखातून ऐकलं तेव्हा कळलं. मुक्ताईनगरहून पालखी निघते ना आषाढीला, एवढ्या लांबून महिनाभर चालत पंढरपूरला, त्यातल्या किती जणांनी ग्रंथ पूर्ण वाचला असेल? पण शेजारचा म्हणतो म्हणून हाही म्हणतो, आणि पाय चालतात.

भाऊ, तुमच्या पत्रात दोन गोष्टी जाता जाता आल्यात. एक, "आई शिरपूरला एकटीच असते, रविवारी फोन करतो, जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, मग बोलायला काही नसतं." आणि दुसरी, "बाराव्या अध्यायात एसटीचं एक जुनं तिकीट आहे, अक्षरं उडालीत." अहो, चाळीस वर्षं ती माउली अण्णांची पोथी शेजारच्या खोलीत चुलीपाशी बसून ऐकत होती. आता घरात तो आवाज नाही. आणि तुम्ही हजारो मैलांवर गराजमध्ये तीच पोथी गुपचूप वाचताय! तुमच्याकडे आत्ता थंडी आहे, तुमचे रात्रीचे साडेदहा म्हणजे शिरपूरचे संध्याकाळचे सहा, तिची दिवेलागण. ती देवापाशी दिवा लावते तेव्हा फोन लावा. गराजमधून उठा, किचनच्या टेबलाशी बसा, घरातले उठले तर उठू द्या. वीस ओव्या, जास्त नको. उच्चार चुकले तर ती सुधारेल, तिला सुधारू द्या. नोट्सची वही बंद. आईला अर्थ सांगायला जाऊ नका, तिने सांगितला तर ऐका. आणि कोणी म्हणेल व्हिडिओवर कीर्तन लावून ऐकलं तरी श्रवणच की. लावा, चांगलंच आहे, पण यूट्यूब तुम्हाला "हं" म्हणत नाही.

बाकीचे प्रश्न. केळीचं शेत विकावं का, हे भावाला आणि वकिलाला विचारा, मी त्यात पडत नाही, फक्त आईच्या हयातीत घाई करू नका. मुलगा मराठी बोलत नाही म्हणता, तर वाचताना त्याला शेजारी बसवा, समजलं नाही तरी चालेल, मलाही नऊ वर्षांची असताना कुठे समजत होतं. मिसेस म्हणतात "तुम्ही बुवा होणार का", त्यांना सांगा ताई म्हणाल्या नाही, आणि त्यांनाही रोज एक ओवी वाचायला द्या. कानबाईच्या उत्सवाला गावी जायचं की नाही यात तर विचारण्यासारखं काहीच नाही, नागपंचमीनंतरचा रविवार बघून तिकीट काढा, रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजतात तेव्हा तुमच्या आणि पोराच्या नावाची मूठ आई दर वर्षी टाकतेच, तुम्ही असा नसा.

पहिल्या दिवशी नववा अध्याय घ्या, सुरुवातीपासून. आणि बाराव्याला पोचलात की वाचायचं थांबून आईला त्या एसटीच्या तिकिटाचं विचारा, कुठल्या गावचं, कोणत्या सालचं, अण्णा एकटेच गेले होते का ती पण सोबत होती. काय म्हणाली ते मला नक्की कळवा.