घाटात काटा चढतो

प्रश्न : ट्रकला नवा रेडिएटर बसवला, तरी खवासा सोडून कुरईचा घाट लागला की इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर जातो. सपाटीवर ठीक. आता काय बदलू? (वाचक, वाडी, नागपूर)

उत्तर : भाऊ, आता बदलू नका, आधी तपासा. घाटात वेग कमी, म्हणजे समोरून वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर. गरम गाडी बंद करून किल्ली काढा नि पंखा हाताने फिरवा. गरगर फिरला तर फॅन क्लच गेला, म्हणजे इंजिन तापलं की पंख्याला जोर देणारा सांधा. माझा पहिला संशय तिथंच.

पंखा घट्ट असेल तर रेडिएटरच्या होजना, म्हणजे रबरी नळ्यांना, हात लावा, जपून. वरचा चटका देतो अन् खालचा थंडगार? मग थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, अडकलाय, नाहीतर नवा रेडिएटर भरताना आत हवा राहिली. थंड गाडी सुरू करताच कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे आले तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड नि ब्लॉक यांच्यामधलं सील, बघा.

आणि पाणी कुठलं भरलं? बोअरचं असेल तर काढा. क्षारांनी नवा रेडिएटरही चोंदतो. कूलंट नि डिस्टिल्ड पाणी, निम्मं-निम्मं. गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. माझ्या मनगटावरचा डाग तसाच आलाय.