पहिल्यांदा समुद्र बघायला जाताय? हॉटेलाआधी तिथी बघा

तुम्ही विचारलंय : गोंदियाकडून पहिल्यांदाच कोकणात समुद्र बघायला निघालोय, हातात चार दिवस आहेत, पर्यटकासारखं न फिरता तिथल्या माणसासारखं कसं फिरावं?

मी साकोली तालुक्यातला धानवाला. काही वर्षांआधी दापोलीचं कृषी विद्यापीठ बघायला गेलो आणि जवळच्या हर्णैच्या बंदरावरच रमलो. तेवढ्याच भरवशावर सांगतो. चार दिवसांत कोणी तिथला होत नाही, पाहुणाच राहतो. पण पाहुण्यानं कामाच्या वेळेला जावं.

हर्णैला मासळीचा लिलाव सकाळीही होतो, पण खरा रंगतो दुपारी चारनंतर. होड्या आत पाण्यात थांबतात, आणि मी गेलो तेव्हा माल काठावर आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरत होत्या. बाकीचे लोक समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचे फोटो काढत होते, मी मात्र बैलच बघत राहिलो. धानाच्या चिखलणीतला बैल रोजचा आहे जी, पण खाऱ्या पाण्यातला? न राहवून गाडीवानाला विचारलं, "दादा, खुरं खराब नाही होत का?" म्हणाला, घरी नेऊन गोड्या पाण्यानं धुवावंच लागतं. मग त्यानंच विचारलं, तुमच्याकडं जोडी केवढ्याला पडते? अर्धा तास तिथंच गेला. बोली कोण लावतंय, वाटा कसा लावतात, आज काय स्वस्त आहे, हे सगळं न विचारता कळलं. तुमचा जो धंदा असेल, त्यातलाच प्रश्न घेऊन जा. "इथं बघण्यासारखं काय आहे" असं विचारलं की पाठ केलेली यादीच मिळते.

आता तिथी. आपण पेरणीला नक्षत्र बघतो, तशी तिकडची माणसं तिथी बघतात. हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी, दिवसाही आणि रात्रीही. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून एक मोजायचं. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढतं-उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा जोर कमी. हे घड्याळ एकदा कळलं की वाळूत लांब कधी चालायचं ते कळतं, आणि गाडी वाळूत घालून भरतीत अडकलेल्या शहाण्यांत तुमची गिनती होत नाही. हा अंदाज आहे, नेमकी वेळ बंदरावर विचारून घ्या. आणि वैनगंगेत पोहलोय म्हणून समुद्रात घुसू नका. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. गावातली पोरं जिथं उतरत नाहीत तिथं आपणही उतरायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर आपली जीभ तलावाच्या मरळीवर वाढलेली. पहिल्या दिवशी सुरमईची थाळी मागवून मीही पैसे उडवले. दुसऱ्या दिवशी घरगुती खानावळीत मावशींना म्हटलं, तुमच्या घरी आज जे शिजलंय तेच वाढा. मांदेली आली, कुरकुरीत तळलेली, काट्यासकट खायची. सोलकढीला मी आधी नाक मुरडलं, मग तीन वाट्या प्यायलो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या पापलेटाचा हट्ट धरणारा लगेच बाहेरचा म्हणून ओळखू येतो.

एक गंमत : तिकडं "भात" म्हणजे आपलं धान, आणि आपली रोवणी, म्हणजे रोपं लावणं, ती त्यांची लावणी. "भात किती होतो?" असं कोणी विचारलं तर ताटातला समजू नका. मी "दोन वाट्या" म्हणून बसलो होतो.

जायचं कसं? कोकण रेल्वेच्या खेड स्टेशनला उतरा, तिथून दापोली सुमारे ३० किलोमीटर, पुढं हर्णै आणखी १५-१६. एसटीनंच जा, अर्धी ओळखपाळख तिथंच होते. चार दिवसांत चार किनारे करू नका. हर्णैला मुक्काम ठेवा, एक दिवस आसूदच्या केशवराज मंदिराला सुपारीच्या बागांतून पायी चढून जा, बाकी वेळ बंदरावर.

येताना ताजी मासळी आणायच्या भानगडीत पडू नका. आपल्या आठवडी बाजारात मिळतं तसंच सुकट, म्हणजे सुकवलेली मासळी, आणा, पण तीन पिशव्यांत घट्ट बांधून. मी एकाच पिशवीत आणलं होतं. भुसावळ येईपर्यंत आख्ख्या डब्याला कळलं होतं, आणि अकोल्याला उतरणाऱ्या बाईंनी उतरता उतरता भाव विचारला.